झेंडूचे दिवस आणि तिसरा गिअर

झेंडूचा वास आला की माझ्या पोटात दुखायला लागतं. खरं तेच सांगतो. लोकांना त्या वासानं दसरा आठवतो, दारावरचं तोरण आठवतं. मला बाळूच्या पिकअपचा मागचा लाल दिवा आठवतो.

काल संध्याकाळी कात्रज चौकात सिग्नलला उभा होतो. शेजारी झेंडूनं गच्च भरलेली एक पिकअप येऊन थांबली. वर जाळी ताणून बांधलेली आणि जाळीच्या भोकाभोकातून एकेक फूल डोकं बाहेर काढून बसलेलं. काच खाली होती, वास सरळ आत आला. सिग्नल सुटला आणि एवढं ओझं घेऊन ती पिकअप अशी काही सटकली, की पन्नाशी ओलांडलेल्या, छोट्या गाडीत बायको आणि दोन पिशव्या भाजी घेऊन निघालेल्या मी दातओठ खाऊन ॲक्सिलरेटर दाबला.

"कुठं आग लागलीय?" मंगलनं विचारलं.

आग लागली होती हे खरं. पण ती कुठं आणि किती वर्षांपूर्वी लागली, हे भर चौकात बायकोला काय सांगणार? म्हटलं, "काही नाही, मागचा हॉर्न मारत होता."

आम्ही आंबेगावचे. म्हणजे आता पत्त्यात पुणे लिहितो, पण ते पुणे आमच्याकडे चालत आलं, आम्ही त्याच्याकडे गेलो नव्हतो. शेतं होती तिथं इमारती झाल्या, त्यांना परदेशी बागांची नावं मिळाली, आणि आमच्याकडे उरलं गावठाणातलं घर, दोन घरांमधलं एक सामाईक अंगण आणि त्या अंगणात उभ्या दोन पिकअप. एक माझी, एक बाळूची. बाळू म्हणजे माझा चुलतभाऊ, माझ्याहून दोन वर्षांनी धाकटा. काका आजारपणात गेले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. काकू आणि तो अंगणापलीकडच्या खोल्यांत राहायचे, पण तो वाढला आमच्याच ताटावर.

दोन्ही गाड्या एकाच दिवशी घेतल्या होत्या. एकच शोरूम, एकच पांढरा रंग, तेच चार सिलिंडरचं डिझेल इंजिन. सख्ख्या जुळ्या म्हणाव्यात अशा. वर्षभर कुणाचं फर्निचर हलव, कुणाचं सिमेंट टाक, असली कामं चालायची. नवरात्र आलं की मात्र दोघंही झेंडूला जुंपायचो. शिवगंगेच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांची फुलं भरायची, जुना कात्रज घाट चढायचा, बोगद्यातून अलीकडे उतरून मार्केट यार्डात फूलबाजाराला पोचवायची. घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत रोज.

आणि रोज घाटात तेच व्हायचं. शिंदेवाडी सोडली की चढ सुरू. पहिल्या मोठ्या वळणाला बाळूची गाडी तिसऱ्या गिअरमध्ये, गुणगुणत म्हणावं अशी, निघून जायची. माझी दम तोडायची. पाय पार तळाला नेला तरी आवाज घोगरा व्हायचा, वेग गळायचा, आणि मला मुकाट दुसरा टाकावा लागायचा. सपाटीला काही कळायचं नाही. चढ आला की अब्रू चव्हाट्यावर.

ते दिवस मी नीट उपभोगलेच नाहीत. आता आठवताना कळतं, काय देखणे दिवस होते. पाऊस ओसरलेला, उन्हाला धार आलेली, डोंगर अजून हिरवे. शेतात उभं राहिलं की डोळे दुखावेत इतकं पिवळं आणि केशरी. बायका कमरेला ओटी बांधून तोडत असायच्या, ओलसर पोती वाढत जायची. फुलं ओली असली की वजन दाबून बसतं, झेंडू हलका म्हणणाऱ्यानं कधी पोतं उचललेलं नसतं. मधमाश्या गाडीबरोबर निम्म्या घाटापर्यंत यायच्या. हाताला तो कडवट हिरवा वास चिकटायचा आणि स्टिअरिंगला लागायचा, भाकरी खाताना तोंडात यायचा. एसी नव्हताच, पण वाऱ्याच्या जाळीत पाकळ्या अडकून बसायच्या आणि पुढे संक्रांतीपर्यंत एकेक करून मांडीवर पडायच्या. हे सगळं होतं, आणि मी काय बघत होतो? बाळूच्या धुराचा रंग.

हो, धुराचा रंग. त्याचा धूर माझ्याहून फिका आहे का, ते बघायचो. वळणावरून त्याच्या गाडीचा आवाज ऐकून त्यानं गिअर बदलला की नाही ते मोजायचो. एकदा तो जेवायला गेला असताना त्याच्या टायरला लाथ मारून हवा पाहिली. माणूस जळायला लागला की काय काय करतो! त्याची गाडी एकदा चालवायला मागितली असती तर प्रश्न सुटला असता. पण मागायला जीभ रेटायची नाही. त्याच्याकडे मागायचं? मी? थोरल्यानं?

त्यात अप्पा.

अप्पा माझे वडील. खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात फिटर होते. आंबेगावहून दोन बस बदलून जायचे, तीस-एक वर्षं गेले, आणि एक दिवस उशिरा पोचल्याचं कुणी सांगितलेलं नाही. हातात कानस असली की माणूस देवासमोर बसल्यासारखा बसायचा. बोलणं मात्र मोजकं, आणि मोजक्यातलं बरंचसं मला टोचणारं. "बाळूचा पाय बघ. कसा हलका हाय." "बाळूनं आज ब्रेक एकदा तरी दाबला का घाटात? शीक." लहानपणीही हेच. बाळूचं अक्षर बघ, बाळू ताट कसं चाटून पुसून ठेवतो बघ. माझं अक्षर वाईट नव्हतं हो. पण वही कधी त्यांच्या हातात गेली तर ते मधलं चुकलेलं गणित बरोबर काढायचे आणि काही न बोलता वही परत द्यायचे.

एक गोष्ट मात्र माझ्याकडे होती आणि बाळूकडे नव्हती. मॅट. गाडी घरी आली त्याच आठवड्यात अप्पांनी माझ्या केबिनमध्ये पायाखालची रबरी मॅट स्वतः बसवून दिली होती. कापून, मापात, कडेला ॲल्युमिनियमची पट्टी, पट्टीला स्क्रू. जरा म्हणून हलायची नाही. बाळूची मॅट सारखी सरकून पेडलखाली जायची. मी ज्याला त्याला दाखवायचो. "हे बघा, आमच्या अप्पांचं काम. कंपनीत असं मिळणार नाही." बाळू उभा असला की जरा मोठ्यानं सांगायचो.

खंडेनवमीला अप्पा अंगणात पोतं अंथरून सगळी हत्यारं मांडायचे. पाने, पकडी, कानशी, माप घ्यायचं एक जुनं व्हर्निअर. प्रत्येकाला हळदकुंकू, प्रत्येकावर झेंडूचं एक फूल. मग गाड्यांची पूजा. टायरखाली लिंबू, बॉनेटवर हार, स्टिअरिंगला कुंकू. माझ्या गाडीच्या पेडलची पूजा मात्र ते स्वतः करायचे, कुणाला करू द्यायचे नाहीत. गुडघे दुखत असतानाही केबिनमध्ये वाकून बसायचे, कुंकवाची वाटी एका हातात आणि स्क्रूड्रायव्हर दुसऱ्या. आई म्हणायची, "पूजेला स्क्रूड्रायव्हर कशाला?" ते म्हणायचे, "आज हत्याराचाच मान असतो." मला भरून यायचं. बाळूच्या गाडीला इतका वेळ द्यायचे नाहीत, हेही मी बघून ठेवलेलं असायचं.

गाड्या घेतल्याच्या पाचव्या वर्षी, नवरात्रात, मी ठरवलं, आता बास. गाडीतून ताकद काढायचीच. एअर फिल्टर बदलला. टायरची हवा वाढवली. कुणीतरी म्हणालं सायलेन्सर मोकळा कर, तर तो कापून मोकळा केला. गाडी तेवढीच ओढायची, फक्त आता ओरडून ओढायची. कात्रजच्या सोसायटीतल्या एका आजोबांनी गाडी अडवून विचारलं, "आपण विमान घेतलंत का?" इंजेक्टर साफ करून घेतले. वरच्या टपाचा लोखंडी कॅरिअर उतरवला. ज्याच्यावर वजनाचा आरोप करता येईल ते सगळं काढलं, जॅकसुद्धा. फरक शून्य.

बाळू बोगद्यापाशी थांबलेला असायचा. रोज. टपरीवरचा चहा हातात, दुसरा कप बॉनेटवर झाकून ठेवलेला, माझ्यासाठी. "दादा, उद्या तू पुढं हो, मी मागनं येतो," असंही एकदा म्हणाला. मला त्याच्या चांगुलपणाचा इतका राग यायचा की चहा कडू लागायचा. वाईट वागला असता तर निदान हक्कानं भांडता आलं असतं.

फूलबाजारात आधी पोचेल त्याला तोंडाशी जागा. मी पोचायचो तेव्हा बाळूची निम्मी पोती उतरलेली असायची आणि मला मागच्या फाटकाजवळ, कचऱ्याच्या ढिगाशेजारी गाडी लावावी लागायची. तिथं एकदा सदाशिव पेठेतल्या एक बाई आल्या. फुलं नाकाशी नेऊन म्हणाल्या, "पुढच्या गाडीतली जास्त ताजी वाटतात." एकाच शेतातली, एकाच सकाळी तोडलेली फुलं! मी म्हटलं, "अहो, मग पुढच्याच गाडीतली घ्या ना." त्यांनी खरंच तिथं जाऊन घेतली.

अष्टमीच्या सकाळी मी गाडी भवानी पेठेत रफिकभाईंकडे नेली. डिझेल पंपाच्या कामात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि तोंड धरणाराही. त्यांनी बॉनेट उघडलं, इंजिन चालू ठेवायला सांगितलं आणि पंपाचा दांडा हातानं ओढला. गाडी अशी डरकाळली की शेजारच्या टपरीवाल्यानं मागे वळून बघितलं.

"आता तू पायानं दाब."

मी तळापर्यंत दाबला. आवाज चढला आणि मध्येच थांबला.

"और दाब."

"पूर्ण दाबलाय."

त्यांनी पुन्हा दांडा हातानं ओढला. पुन्हा डरकाळी. बॉनेटच्या कडेवर हात पुसत ते माझ्याकडे आले. "अरे भाई, इंजिन तर वाघ आहे तुझं. लफडं पायात आहे." केबल बघितली, ठीक होती. मग टॉर्च घेऊन केबिनमध्ये आडवे झाले. "ही मॅट कुणी बसवली?"

"आमच्या अप्पांनी," मी सवयीनं, ऐटीत म्हटलं.

"काढू का?"

मी जरा अडखळलो. मग हो म्हणालो.

पट्टीचे स्क्रू निघाले, मॅट उचलली. बरोबर पेडलच्या खाली, पत्र्याला, एक पितळेचा ठोकळा बसवलेला होता. काडेपेटीएवढा. कडा कानशीनं मोडलेल्या, बोट फिरवलं तरी खरचटू नये अशा. स्क्रूची डोकी आत बुडवलेली. पेडल त्या ठोकळ्यावर टेकत होतं आणि मी पाच वर्षं समजत होतो की जमिनीला टेकतंय.

रफिकभाई बराच वेळ त्यावर टॉर्च धरून होते. "कोण आहेत तुझे अप्पा?"

"फिटर."

"ते दिसतंच आहे. असं काम आता कुणी करत नाही." मग त्यांनी ठोकळा काढून माझ्या हातावर ठेवला आणि पैसे घ्यायला नकार दिला. म्हणाले, "मी काही केलंच नाही. तुझ्या बापानं केलं होतं, मी मोडलं."

कान लाल होणं काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. पाच वर्षं! पाच वर्षं तो माणूस माझ्या पायाखाली लगाम घालून गप्प बसला होता, आणि वर मलाच ऐकवत होता, बाळूचा पाय बघ! आणि मी ती मॅट गावभर दाखवत फिरत होतो.

तसाच खोऱ्यात गेलो, फुलं भरली. बाळू माझ्या आधी निघाला होता. पहिल्या मोठ्या वळणाच्या अलीकडे मी त्याला गाठलं. तिसऱ्यात. पाय दाबला, तो खाली गेला, आणखी खाली गेला, आधी कधी नव्हता गेला तितका, आणि गाडीनं पाठीला धक्का दिला. बाळूच्या शेजारून जाताना मी त्याच्याकडे बघितलंही नाही. आरशात बघितलं. तो लहान होत गेला. एवढं सुख मला लग्नात झालं नव्हतं, मंगल हे वाचणार नाही म्हणून लिहितो.

बोगद्यापाशी मी दोन चहा घेऊन थांबलो. बाळू आला, उतरला आणि हसला. "दादा, आज गाडी काय खाऊन आली?" तो मनापासून खूश झाला होता. माझं सुख तिथंच निम्मं झालं. मी त्याला काहीच सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. अप्पा पोतं अंथरून हत्यारं मांडत होते. मी तो ठोकळा त्यांच्यासमोर, कानशीच्या शेजारी ठेवला.

"अप्पा, हे काय?"

त्यांनी चष्मा वर सारला. ठोकळा उचलला, उलटा करून पाहिला, कडेवरून अंगठा फिरवला. "स्क्रू कुठं टाकले?"

"स्क्रू? मी काय विचारतोय?"

"पितळेचे होते. आता मिळत नाय तसे."

"माझ्या गाडीला का बसवलात?"

"तुझा पाय जड हाय," ते म्हणाले. मी कॉलेजात असताना मोटारसायकल डंपरखाली घातली होती आणि तीन महिने अंथरुणात होतो, तेव्हाही ते एवढंच म्हणाले होते.

"आणि बाळूच्या गाडीला?"

"त्याला काय गरज?" म्हणाले, आणि पुढची पकड पुसायला घेतली.

झालं. हेच ऐकायचं राहिलं होतं. बाळूला गरज नाही! बाळू शहाणा, बाळू हलका, बाळूवर विश्वास. मी तिरमिरीत अंगण ओलांडलं. बाळू पूजेसाठी गाडी धूत होता. मी त्याला सगळं सांगितलं, मुद्दाम मोठ्यानं, पलीकडे ऐकू जावं म्हणून. मॅट, ठोकळा, पाच वर्षं. "बघ," मी म्हटलं, "सख्ख्या पोराच्या पायावर भरवसा नाही ह्या माणसाचा. तुझ्यावर हाय!"

मला वाटलं तो हसेल. किंवा निदान "जाऊ दे दादा" म्हणेल. त्यानं नळ बंद केला.

"कुठं होता?"

"पेडलखाली. मॅटच्या आत."

त्यानं हातातलं फडकं खाली ठेवलं, केबिनचं दार उघडलं आणि ओल्या फरशीवर गुडघे टेकले. स्वतःची मॅट उचलली. खाली चिखल होता, वाळलेल्या पाकळ्या होत्या, एक जुनं नाणं होतं. त्यानं पेडलखाली हात घातला आणि पत्र्यावरून फिरवला, पार आतल्या कोपऱ्यापर्यंत. मग पुन्हा एकदा फिरवला.

"नाय," तो म्हणाला.

मी वाकून त्याच्या खांद्यावरून आत पाहिलं.

"माझ्या पायाची कधी कुणाला भीती वाटली नाय, दादा." मॅट त्यानं परत खाली ठेवली, नीट, चारी कोपरे दाबून. मग नळ चालू केला आणि मघाशीच धुतलेलं चाक पुन्हा धुवायला लागला.

मी अंगणाच्या मधोमध उभा. लहानपणापासून मी ज्याच्यावर जळत आलो, त्याच्या वाट्याला आलं होतं ते कौतुक. दुसऱ्याच्या पोराचं आपण कौतुकच करतो, त्याच्या बोलण्याला मान देतो, ताट चाटून पुसून ठेवलं तर शाबास म्हणतो. शिव्या, संशय, रात्रीची उडालेली झोप, पायाखालचा ठोकळा, हे सगळं घरच्या पोराचं. अप्पांनी त्याला कधी कमी वाढलं नाही. पण त्याच्यासाठी कानस हातात घेतली नव्हती, हे त्याला त्या क्षणी कळलं, आणि मला त्याच्या पाठीकडे बघून कळलं.

आता इथं मी असं लिहायला हवं की माझी जळजळ संपली. नाही संपली. दसऱ्याच्या सकाळी मी स्वतः तो ठोकळा परत पेडलखाली बसवला. अप्पांचं ऐकायचं म्हणून नाही. बाळूकडे नाही आणि माझ्याकडे आहे, म्हणून. अप्पा दारात येऊन बघत राहिले. "वाकडा बसवलास," म्हणाले, आणि माझ्या हातातून स्क्रूड्रायव्हर घेतला. त्यानंतर प्रत्येक नवरात्रात मी घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढलो. बाळू पुढे जायचा, चहा झाकून ठेवायचा, आणि मी तो गोड मानून प्यायचो.

अप्पा जाऊन आता बरीच वर्षं झाली. नंतर पिकअप विकली, बाळूनंही विकली. गाडी द्यायच्या आधी मी तेवढा ठोकळा काढून घेतला. घेणारा म्हणाला, "आता ओढते हो छान!" खंडेनवमीला तो आमच्या घरी पोत्यावर असतो, अप्पांच्या कानशीच्या शेजारी, कुंकू लावून, वर झेंडूचं फूल. बाळू दरवर्षी पूजेला येतो. सगळ्या हत्यारांना नमस्कार करतो आणि ठोकळा हातात घेतो. कडेवरून अंगठा फिरवतो, अगदी अप्पा फिरवायचे तसा.

गेल्या वर्षी म्हणाला, "दादा, हे मला दे की."

बाळूला मी आजवर कशाला नाही म्हटलेलं नाही. त्याच्या पोरीच्या लग्नात आठ दिवस राबलो. अप्पांची कानस माग, व्हर्निअर माग, अंगणाचा माझा हिस्सा माग, विचार न करता देईन.

"नाही," मी म्हटलं.

त्यानं ठोकळा खाली ठेवला, फूल होतं तसं वर ठेवलं, आणि मंगलनं दिलेला चहा घेतला. उद्या खंडेनवमी आहे. तो येईल, अंगठा फिरवेल, कदाचित पुन्हा मागेल, आणि मी पुन्हा नाहीच म्हणेन.